बरणीतली भूक

मालगिरीच्या घंटागाडीने प्लास्टिक घ्यायचं बंद केलं, तेव्हा अक्काताई कोरेच्या परसात कमरेएवढा ढीग साचला होता. लोकांच्या दृष्टीने तो कचरा होता. अक्काताईच्या दृष्टीने तो तिच्या सुनेचा जीव होता.

सून सानिका. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुरू केलं. पोटात कायमची एक नळी बसवली. त्या नळीतून साखरेचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्या पाण्यात उतरली की काढून टाकायचं आणि नवी पिशवी जोडायची. हे सगळं घरी बसून, दिवसातून चार वेळा, सणसूद असो की सुतक. कणकेचा गोळा मळावा तशी ही कामं अंगवळणी पडली होती. पण रोजच्या रिकाम्या पिशव्या, नळ्या, टोपणं, वेष्टनं यांचं करायचं काय? भंगारवाला त्यांना हात लावत नसे. जाळायला बंदी होती. आणि आता नगरपरिषदेचा नवा नियम आला होता, की ज्याच्या घरचं प्लास्टिक त्याच्याच घरी जिरलं पाहिजे.

"काय हो अक्काताई," समोरची शोभा माळगे दारात उभी राहून म्हणायची, "परसात दवाखाना काढलाय का भंगारचं दुकान?"

"दोन्ही. तुझी नावनोंदणी करू का?" अक्काताई म्हणायची.

आतून सानिका हसायची. "आत्या, मला माहेरी पाठवा. ढीग आपोआप जाईल."

"तू गेलीस तर मी भांडू कुणाशी? मल्लूशी? त्याला भांडता आलं असतं तर अजून काय पाहिजे होतं!"

मल्लू म्हणजे अक्काताईचा मुलगा मल्लिकार्जुन. तासगावला द्राक्षांच्या शीतगृहात कामाला होता, रविवारी घरी यायचा. मनाने वाईट नव्हता. बायकोला आपली किडनी जुळते का ते तपासून घ्यायला जातो जातो म्हणत त्याचे तीन द्राक्षहंगाम निघून गेले होते, एवढंच. अक्काताई स्वतः तपासून आली होती. तिची जुळली नाही. त्या दिवशी तिने एस.टी.त डोळ्याला पदर लावला, आणि घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "माझी किडनी तुला नको म्हणाली. तीही माझ्यासारखीच खवट आहे."

अक्काताईचं नाव गावात दह्यासाठी होतं. नवरा गेल्यापासून ती दह्याचा रतीब घालत होती. तिचं दही कापलं तर सुरीला लागू नये इतकं घट्ट. कुणाचं विरजण मेलं, बिघडलं, तार सुटायला लागली, की वाटी घेऊन अक्काताईचं दार गाठायचं. आणि विरजण मागायला आलेल्याला अक्काताई कधी नाही म्हणाली नव्हती. दिवेलागणीनंतर मात्र देत नसे. तेवढा एक नियम.

पुढे चैत्रात घरोघरी बरण्या आल्या.

बरणी चिनी मातीची, बुटकी, पोट सुटलेली. वर काचेचं झाकण, खाली ऊब देणारी तबकडी. पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. बेनझीर मुजावर नावाच्या तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी समाजमंदिरात बायकांना जमवलं आणि फळ्यावर एक साखळी काढली.

"प्लास्टिक म्हणजे ही साखळी," त्या म्हणाल्या. "एकच कडी हजारो वेळा जोडलेली. लाकूड कुजतं, हाड कुजतं, कारण त्यांच्या कड्या सोडवणारे जंतू करोडो वर्षं या जगात आहेत. प्लास्टिक आलं कालपरवा. त्याची कडी सोडवायची कात्री कुठल्याच जंतूकडे नव्हती, म्हणून ते पडून राहिलं. पण कचऱ्याच्या डोंगरात जंतू उपाशी असतात, आणि आजूबाजूला खायला प्लास्टिकच प्लास्टिक. अशा ठिकाणी एखाद्याला चुकूनमाकून कात्री सापडते. तसे जंतू आम्ही शोधले, त्यांच्या कात्र्यांना धार लावली आणि या बरणीत घातले. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या कापून टाका. आठवड्यात पाणी होईल. ते झाडाला घाला."

"आणि हे जंतू बाहेर पडले म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"मरतील. त्यांना आम्ही मुद्दाम एक अधूपण दिलंय. वाढायला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतःला बनवता येत नाही. ते या गुलाबी पुडीत आहे. दर आठवड्याला पुडी घातली तर जगतील, नाही घातली तर संपतील. म्हणून बरणीतलं कुणाला द्यायचं नाही. नळ्या, वायरी, दवाखान्यातल्या वस्तू टाकायच्या नाहीत. ते त्यांना पचतही नाही."

अक्काताईने हात वर केला. "म्हणजे विरजणच की हे."

डॉ. मुजावर हसल्या. सकाळपासून चौथं समाजमंदिर होतं त्यांचं, घसा बसला होता. "तसंच समजा," त्या म्हणाल्या.

अक्काताई बरणी घेऊन घरी आली ती तोंड पाडूनच. गावच्या दुधाच्या पिशव्या जिरणार होत्या, पण परसातला ढीग होता तसाच राहणार होता.

आषाढात ट्रकवाल्यांचा संप झाला आणि गुलाबी पुड्या यायच्या थांबल्या. दुसऱ्या आठवड्यात बरणीतला फेस बसला. पाणी पातळ झालं, त्याला शिळा, मेलेला वास यायला लागला. नियमाप्रमाणे ते उकळून ओतून द्यायचं होतं. पण घरातलं काहीही उपाशी मरताना बघणं अक्काताईला जमत नसे, मग ते मांजर असो की विरजण. तिने तेच केलं जे दुबळ्या विरजणासाठी तिची सासू करायची. भाताची कोमट पेज घेतली, त्यात दोन पळ्या आंबट ताक घातलं आणि बरणीत ओतलं.

"आत्या, बरणीचा पाहुणचार चाललाय का?" सानिकाने विचारलं. ती खिडकीशी बसून पोटातलं पाणी काढत होती.

"तुझा चालतो तसा हिचाही."

तिसऱ्या दिवशी बरणीला फेस आला. पूर्वीपेक्षा दाट. त्यात टाकलेली दुधाची पिशवी आठवड्याऐवजी दोन दिवसांत दिसेनाशी झाली.

मग अक्काताईच्या डोक्यात किडा वळवळला. एवढी भूक आहे, तर हिला ढिगातलं का देऊ नये? तिने डायलिसिसची एक रिकामी पिशवी उकळली, बोटाएवढे तुकडे केले आणि बरणीत फक्त तेच टाकले. दुसरं काही नाही. बरेच दिवस काहीही झालं नाही. मग एका सकाळी एका तुकड्याची कड कुरतडल्यासारखी दिसली, आणि त्या कडेवर बोटाला लागेल न लागेल असा बुळबुळीत थर. ज्या कोपऱ्यातलं दही घट्ट लागतं, तिथलंच विरजण उचलायचं, हे अक्काताईला कुणी सांगायला नको होतं. तिने तेवढाच थर चमच्याने उचलला, दुसऱ्या भांड्यात ताक-पेज घालून मुरवला आणि नवे तुकडे दिले. त्यातला जो तुकडा आधी विरघळला त्याच्यावरचा थर पुन्हा उचलला. असं करत करत दिवाळीपर्यंत तिची बरणी अख्खी पिशवी नळीसकट गिळायला लागली. तळाशी राहायचं ते खारट पाणी.

ढीग खाली बसत गेला. संक्रांतीला परसातली फरशी दिसली. सानिकाने तिथे खुर्ची टाकली आणि उन्हात केस वाळवत बसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणी विचारलं नाही की हे सगळं कधी हलणार.

"आत्या, तुम्हाला बक्षीस दिलं पाहिजे."

"दे. उद्या भाकरी तू थाप."

डायलिसिसची पिशवी पोटात सोडण्याआधी कोमट करावी लागते. गार पाणी आत गेलं की कळ येते. पूर्वी अक्काताई ती उन्हात ठेवायची, ढगाळ असलं तर चुलीपाशी. आता बरणीचं झाकण कायम उबदार असायचं. ती पिशवी त्याच्यावर ठेवायला लागली. जागाही वाचली आणि सरपणही.

बातमी गावभर झालीच. कोरेकाकूंच्या बरणीला नळी पचते म्हणे, वायरीचं वेष्टन पचतं म्हणे. सगळ्यात आधी वाटी घेऊन आली ती शोभा.

"अक्काताई, थोडं द्या की."

"द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"दह्याचं दिलंत की आजवर. ते काय वेगळं आहे?"

अक्काताईने वर ऊन बघितलं. दिवेलागणीला वेळ होता. तिने वाटीत चमचाभर घातलं. शोभाकडून ते तिच्या बहिणीकडे गेलं, तिथून पेठेत, पेठेतून पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर. ज्याची बरणी जास्त खादाड त्याच्याकडचंच सगळे मागून नेत. गटारं वाहती झाली. ओढ्याचा तळ दिसायला लागला. नगरपरिषदेने वेशीवर कमान उभारली, 'प्लास्टिकमुक्त मालगिरी', आणि पुण्यामुंबईची माणसं गाडीतून उतरून कमानीखाली फोटो काढायला लागली.

एका सकाळी सानिका म्हणाली, "आत्या, ही पिशवी ओली का आहे?"

अक्काताईने पिशवी उचलली. खालच्या शिवणीपाशी बारीक थेंब होते. "वाहतुकीत चेपली असेल. दुसरी घे."

दुसरी बरी होती. चौथी पुन्हा ओली निघाली. कंपनीने खोकी बदलून दिली. नव्या खोक्यातल्या पिशव्या घरात दोन दिवस राहिल्या की त्यांना घाम फुटायचा. मग एके दिवशी सानिकाच्या पोटातून निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं. दुपारपर्यंत तिला ताप भरला आणि संध्याकाळी ती पोट धरून गुडघ्यात वाकली.

मिरजेला नेलं. पोटाच्या आतल्या पडद्याला जंतूंची लागण झाली होती. औषधांनी ती वाचली. घरी आली. तीन आठवड्यांत पुन्हा तेच झालं. या वेळी डॉक्टरांनी अक्काताईला बाजूला घेऊन सांगितलं, "पडदा बराच खराब झालाय. अजून एकदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

"मग तिला मशिनीवर घ्या."

"मशिनीच्या नळ्या तरी कशाच्या असतात, मावशी? गेल्या आठवड्यात आमच्या दोन नळ्या गळल्या. त्या दोन्ही पेशंटच्या घरचे मालगिरीहून येऊन-जाऊन असतात."

जतहून सानिकाचा भाऊ बसवराज आला होता. वॉर्डच्या दारातच त्याने अक्काताईला गाठलं.

"गावभर ऐकून आलोय मी. पिशव्या खाणारी बरणी तुम्हीच केली म्हणे. सून आजारी, नातवंड नाही, मुलगा तरणा. सोपा रस्ता शोधलात."

"बसू, तोंड सांभाळ."

"का? खोटं आहे? विचारा की तुमच्या मुलाला. काय रे मल्ल्या?"

मल्लू भिंतीला टेकून उभा होता. आई आणि मेव्हणा या दोघांच्या मधल्या कुठल्यातरी फरशीकडे बघत तो म्हणाला, "आता झालं ते झालं."

"दादा, गप," आतून सानिकाचा आवाज आला. "तुझी किडनी तपासून आलास का? नाही ना? मग गप बस."

बसवराज गेला. अक्काताई पलंगापाशी जाऊन बसली. सानिकाचा चेहरा मेणासारखा झाला होता. ती छताकडे बघत होती.

"आत्या, तुम्ही त्याला शिकवलंत ना? माझ्या पिशव्या खायला?"

"हो."

"मुद्दाम त्याच दिल्यात? बाकी सगळं बंद करून?"

"हो गं."

"हुशार आहात," सानिका म्हणाली आणि तिने कूस बदलली.

बसवराजच्या शिव्या अक्काताई ऐकून घेऊ शकली होती. हे दोन शब्द मात्र तिच्या छातीत रुतून बसले, कारण त्यांत राग नव्हता.

पुण्याहून डॉ. मुजावर पुन्हा आल्या. या वेळी हसत नव्हत्या. त्यांनी बरणीतलं, मोरीतलं, ताकाच्या रवीवरचं, अक्काताईच्या नखांतलं, केसांतलं सगळं पुसून नळकांड्यांत भरून नेलं. आठ दिवसांनी येऊन त्या ओट्यापाशी स्टुलावर बसल्या.

"ताकात नुसते दह्याचे जंतू नसतात," त्या म्हणाल्या. "यीस्टही असतं. आम्ही जे द्रव्य पुडीतून देत होतो ना, ते हे यीस्ट बनवतं आणि आजूबाजूला सांडतं. आमच्या जंतूंना पुडीची गरजच उरली नाही. बदल्यात ते प्लास्टिक तोडून यीस्टला खायला घालतात. जोडी जमली. जिथे जरा ओल आहे, ऊब आहे आणि ताकाचा हात लागलाय, तिथे ही जोडी राहते. म्हणजे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात. प्रत्येक हातावर."

"आणि नळ्या?"

"नळ्या खायला तुम्ही शिकवलंत. शंभरातला एक निवडायचा, त्याच्या पोरांतला पुन्हा एक निवडायचा. आम्हीही असंच करतो. फरक एवढाच की आम्ही ते बंद खोलीत करतो, आणि शेवटी सगळं जाळून टाकतो." त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं कुणाला देऊ नका म्हणून!"

"तुम्ही म्हणालात, विरजण समजा," अक्काताई म्हणाली. "विरजण दिल्याशिवाय राहतं का कुणी?"

डॉ. मुजावरांनी डोळे चोळले. बाहेर कमानीखाली कुठलीतरी सहल उतरली होती, पोरांचा गलका ऐकू येत होता.

अक्काताईने त्याच दुपारी बरणी चुलीवर चढवली आणि खदखदा उकळली. ताकाचा डेरा फोडला. रवी जाळली. मग ती घरोघर निघाली. जिथे जिथे तिने आयुष्यभर वाटीत विरजण घातलं होतं, तिथे तिथे जाऊन ती पदर पसरून सांगू लागली, बाई गं, तुझी बरणी उकळ. काहींनी हो म्हटलं आणि उकळली नाही. काहींनी दारच उघडलं नाही. शोभाने उघडलं.

"आत या, अक्काताई. चहा घ्या."

"चहा नको. बरणी उकळ, शोभा. तुझ्या पाया पडते. माझी सून जाईल."

शोभा उंबऱ्यात बसली. तिच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

"माझी नात गेली ते आठवतंय तुम्हाला? डेंग्यूने. दारापुढचं गटार पिशव्यांनी तुंबलेलं होतं, नगरपरिषदेत खेटे घातले मी. तुमच्या ढिगातल्या पिशव्या त्यात नव्हत्या, असं म्हणता येईल का तुम्हाला?"

अक्काताईची नजर दारापुढच्या गटाराकडे गेली.

"आज गटार वाहतंय. थोरल्या मुलाच्या पोरी त्याच दारात खेळतात. एक डास नाही. आणि तुम्ही म्हणता ते पहिल्यासारखं कर. सानिका जगू दे, माझं काय वाकडं केलंय तिने? पण तिच्यासाठी ह्या पोरींना परत त्या गटारावर नाही बसवायची मी. तुम्ही माझ्या जागी असता तर उकळली असतीत का?"

खरं बोलायचं तर अक्काताईनेही उकळली नसती. ते तिला कळत होतं, म्हणूनच ती भांडू शकली नाही. ती उठून घरी आली.

एकट्या शोभाने उकळूनही काही होणार नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत ती जोडी नदीकाठच्या सगळ्या गावांत गेली होती. पाण्याच्या नळ्या गळायला लागल्या तेव्हा लोकांनी कुरकुर करत लोखंडी टाकल्या. वायरींना कापडाचं वेष्टन आलं. बादल्या पुन्हा पत्र्याच्या आल्या आणि त्यांचा खडखडाट गल्लीला सवयीचा झाला. सगळ्याला काही ना काही पर्याय निघाला. म्हातारे म्हणायला लागले, आमच्या लहानपणी असंच होतं, काही अडलं का? ज्यांचं अडणार होतं ती माणसं मुळात थोडी, आणि घराबाहेर न दिसणारी. पोटाच्या पिशवीवाले, नाकात नळीवाले, दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि काचेच्या पेटीत ठेवलेली पोरं.

त्यांच्यासाठी सरकारने जतच्या पलीकडच्या उजाड माळावर एक वसाहत बांधली. तिथली हवा इतकी कोरडी की हात धुतला तर पुसायच्या आधी वाळावा. ओलीशिवाय ती जोडी टिकत नव्हती. आत जाणाऱ्याला घासून धुवायचं, अंगावर पुसणी फिरवून तपासायचं. दिवा हिरवा लागला तर आत, लाल लागला तर बाहेर. आणि एकदा आत राहायला गेलेल्या पेशंटने पुन्हा बाहेर यायचं नाही, निदान औषध निघेपर्यंत.

किडनीच्या पथ्यामुळे सानिकाला दही-ताक आधीपासूनच बंद होतं, त्यामुळे तिचा दिवा हिरवा लागला. तिला न्यायला बंद गाडी आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका ओटी घेऊन आल्या होत्या. शोभा सगळ्यांत पुढे, खण-नारळ आणि तांदूळ सुपात घेऊन. पांढऱ्या अंगरख्यातल्या माणसाने हात आडवा केला. "कुणी जवळ यायचं नाही." बायका तिथेच थांबल्या. सुपं त्यांनी रस्त्यावर ठेवली. सानिका पायऱ्या उतरून गाडीत चढली, तिने वळून सगळ्यांना नमस्कार केला. अक्काताईला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तिने तो पदरात गुंडाळून धरला. गाडी गेल्यावर सुपांतले तांदूळ चिमण्यांनी खाल्ले.

मल्लूची तपासणी हिरवी आली. तो तासगावला राहायचा, खानावळीत जेवायचा, घरचं ताक त्याच्या पोटात क्वचित जायचं. त्याला आत जायची मुभा होती. पहिल्या वर्षात तो दोनदा गेला. "तिथे बसवत नाही गं आई," तो म्हणाला. "सगळे आजारीच."

अक्काताईची तपासणी दर वेळी लाल यायची. तिने दह्याचा धंदा बंद केला. दूध सोडलं, ताक सोडलं, कोरडी भाकरी आणि चटणीवर राहिली. नखं रक्त येईपर्यंत कापली. अंगणातल्या उन्हात अंग भाजेपर्यंत बसली. दिवा लालच. डॉ. मुजावर फोनवर म्हणाल्या, "आयुष्यभर दही घुसळलंय तुम्ही. ते आता तुमच्या कातडीत आहे, आतड्यात आहे. जाईलच असं नाही." तेव्हा अक्काताईने न्हाव्याला घरी बोलावलं आणि डोक्यावरचे सगळे केस उतरवून घेतले. तो नको नको म्हणत होता.

वसाहतीच्या फाटकाला लागून लाल दिवा लागलेल्यांना भेटायला एक खोली होती. तिला मधोमध जाड काच. पलीकडे सानिका आली, खुर्चीत बसली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"हे काय केलंत आत्या?"

"उकडत होतं."

"पौष आहे."

"आमच्याकडे उन्हाळा लवकर येतो."

सानिका हसली. तिचे गाल भरले होते. पोटाचा पडदा जितका टिकला होता तेवढ्यावर ती बरी होती. तिने आतल्या गोष्टी सांगितल्या, कोण कसं घोरतं, कुणाची सून कशी आहे. अक्काताईने गल्लीच्या सांगितल्या. मग सानिकाने खुर्ची काचेजवळ ओढली.

"आत्या, एक सांगायचं होतं. मागच्या खेपेला तुम्ही येऊन गेलात, आणि दुसऱ्या दिवशी एका बाळाची नळी गळली."

"अगं, काचेतून कसं येईल ते?"

"नाहीच येणार. तपासलं त्यांनी, साधं भोक होतं, कारखान्यातलंच. मला माहीत आहे. त्या बाळाच्या आईलाही माहीत आहे."

"मग?"

"ती माझ्याशी बोलत नाही. कुणीच बोलत नाही. जेवायला बसले की शेजारचं ताट उचलून नेतात." सानिका नखाने खुर्चीची कड खरवडत होती. "मला इथेच राहायचंय ना, आत्या."

अक्काताईने मान हलवली. "बरं. खोलीत नाही येत. फाटकाशी उभी राहीन."

"फाटकाशीही नको म्हणतात. ओढ्यावर पूल आहे, तिथे थांबलात तर मी गच्चीवर येईन. फोनवर बोलू."

पुढच्या महिन्यात अक्काताई पुलावर जाऊन उभी राहिली. माळावर सोसाट्याचा वारा होता. लांब गच्चीवर सानिका आली, निळं लुगडं नेसलेली. तिने हात वर केला. अक्काताईने फोन कानाला लावला.

"जेवलात का आत्या?"

"हो. तू?"

"जेवले." गच्चीवरून तिने खाली वाकून बघितलं. "आत्या, वारा तिकडून इकडे आहे आज. खालच्या बायका बघतायत."

"बरं," अक्काताई म्हणाली आणि पुलावरून उतरून मागे सरकली.

"अजून थोडं मागं."

ती सरकली. एरंडाच्या झुडपापर्यंत गेली, त्याच्याही मागे गेली. बोलणं चालू होतं, पण त्या वाऱ्यात दोघींपैकी कुणालाच ते नीट ऐकू येत नसावं. गच्चीवर निळं काहीतरी हलत होतं. ते माणूस आहे की दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, हे आता अक्काताईला सांगता येईना.

"हां," फोनमधून आवाज आला. "आता बास."